भाऊजींचं ड्रिल आणि आनंदीताईंचा डबा

माझ्या नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत नवा पाहुणा आला की पहिली पाच मिनिटं तो काही बोलत नाही. बघत बसतो. सोफ्यासमोर कॉफी टेबल म्हणून सुतळी गुंडाळलेला विंटर टायर. त्यावर मिक्सरच्या तडकलेल्या भांड्यात लावलेलं मनीप्लांट. भिंतीवर प्रेशर कुकरच्या झाकणाचं घड्याळ, ज्यात बाराच्या जागी शिट्टी बसवली आहे. आणि घड्याळाशेजारी माझ्या लग्नाचा फोटो, ज्याची लंबगोल पांढरी फ्रेम जरा निरखून पाहिली तर ती वॉशरूमच्या सीटची आहे हे ध्यानात येतं. मग पाहुणा घसा खाकरून विचारतो, "हे सगळं तुम्ही केलंत?"

"नाही," मी सांगतो, "हे माझ्यावर केलं गेलंय."

करणारा माणूस मार्कहॅमला राहतो. रविकांत देशकर, निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मूळ नागपूर, आणि माझ्या थोरल्या बहिणीचे, शीलाताईचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. बाकी जे म्हणावंसं वाटतं ते ताईकडे बघून गिळतो.

भाऊजी त्र्याहत्तर साली एक सूटकेस आणि एक स्वेटर घेऊन कॅनडात उतरले. तो स्वेटर नागपूरच्या थंडीसाठी विणलेला होता, म्हणजे शोभेचाच. मग त्यांनी वीज कंपनीत तीस-बत्तीस वर्षं काढली. या प्रांतातले दिवे आपल्यामुळे लागायचे असं ते सांगतात, आणि जेव्हा जेव्हा दिवे गेले तेव्हा आपण सुट्टीवर होतो असंही तेच सांगतात. मार्कहॅमला घर घेतलं तेव्हा आजूबाजूला मक्याची शेतं होती. पहिली काही वर्षं घरातली प्रत्येक वस्तू दुसऱ्यांच्या गराज सेलमधून, म्हणजे त्यांनी विकायला काढलेल्या जुन्या सामानातून आली. त्यामुळे कुठलीही वस्तू टाकून देणं म्हणजे पाप, हा त्यांचा धर्म झाला. नादुरुस्त टोस्टर, एका पायाची स्केट, बिनझाकणाचे डबे, सगळं बेसमेंटमध्ये शांत पडून असे. इथवर माझी काही तक्रार नव्हती. बेसमेंट त्यांचं होतं, मला तिथे झोपायचं नव्हतं.

घात केला तो पब्लिक लायब्ररीने. सीनिअर्ससाठी फुकट वर्कशॉप होतं, घरातल्या जुन्या वस्तूंना नवं आयुष्य कसं द्यावं याचं. फुकट या शब्दाला भाऊजी कधीच नाही म्हणत नाहीत. तिथल्या मुलीने जॅमच्या रिकाम्या बरणीत बल्ब सोडून दिवा करून दाखवला. आमच्या लहानपणी शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' असायचं. आम्ही करवंटी घासून घासून वाटी करायचो आणि आई दुसऱ्या दिवशी ती बंबात घालायची. तिथे विषय संपायचा. भाऊजींच्या आयुष्यात मात्र बंबात घालणारं कोणी नव्हतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. त्या संध्याकाळी ते घरी आले ते नवीन ड्रिल घेऊनच.

त्यानंतर त्या घरात जी वस्तू एका जागी स्थिर राहिली तिला भोक पडलं. फाटक्या स्नो बूटांत पिटुनियाची फुलझाडं लागली. इस्त्रीच्या टेबलाचं पुस्तकांचं शेल्फ झालं, त्यामुळे कपडे आता डायनिंग टेबलवर इस्त्री होतात आणि जेवण टीव्हीसमोर. त्यांच्या जुन्या जीन्सची त्यांनी पिशवी शिवली, बॅक पॉकेटसकट. माझी बहीण, जिने पुण्यात संस्कृत घेऊन एमए केलं, ती नवऱ्याची बैठक खांद्याला लटकवून ग्रोसरीला जाते. त्यांची मुलगी ऊर्मी कॅलगरीला असते. व्हिडिओ कॉलवर ती प्रत्येक वस्तू पाहून म्हणते, "ओ माय गॉड बाबा, दॅट्स सो क्यूट!" इतक्या लांबून सगळंच क्यूट दिसतं. तिला म्हटलं, कुरियर करू का एखादी? तर तिच्याकडे लगेच नेटवर्क गेलं.

ताई कधी काही बोलली नाही. तिने आपलं एवढंच केलं की जे वाचवायचं ते उचलून बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागच्या वरच्या शेल्फवर नेऊन ठेवलं. तिथे शिरायला वाकून, गुडघे दुमडून जावं लागतं आणि भाऊजींचा गुडघा दुमडत नव्हता. सोऱ्या, पुरणयंत्र, आमच्या आईची किसणी आणि आनंदीताईंचा डबा, ही मंडळी तिथे सुरक्षित होती.

आता आनंदीताईंचं सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथे आहे.

आनंदीताई साताऱ्याच्या. ताईच्या आगेमागेच कॅनडात आल्या, दोन गल्ल्या सोडून राहायला. दोघी एकत्र ड्रायव्हिंग शिकल्या, एकत्र नापास झाल्या. एकीला ताप आला तर दुसरीची मुलं हिच्याकडे जेवत. आणि दोन घरांमध्ये सतत डबे फिरत असत. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी मराठी वाचकाला सांगायला नको. थालीपीठ आलं की त्या डब्यातून निदान चार बेसनाचे लाडू गेले पाहिजेत. लाडू आले की लोणचं गेलं पाहिजे. त्यामुळे कोणाचं कोणाला देणं कधी फिटत नसे आणि ते न फिटणं हीच त्यांची मैत्री होती. त्यातला एक डबा खास होता. पितळी, जड, आतून कल्हई केलेला, झाकणाला कडी. बाहेरून ठळक अक्षरांत 'सौ. द्वारका' असं कोरलेलं. द्वारका म्हणजे आनंदीताईंची आई. दर दिवाळीला आनंदीताई आईच्या प्रमाणाने चकलीची भाजणी करायच्या आणि या डब्यातून ताईकडे पाठवायच्या. ताई चकल्या तळून त्याच डब्यातून परत द्यायची.

सहा वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत ताईच्या चकल्यांचं फार कौतुक झालं. कोणीतरी विचारलं, भाजणी कुठली हो? ताई म्हणाली, "अगं, आमच्याच घरातलं प्रमाण आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं." आनंदीताई मागे हातात कागदी प्लेट घेऊन उभ्या होत्या.

भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आनंदीताईंनी प्लेट टेबलावर ठेवली आणि कोट चढवून घरी गेल्या. त्यानंतर दोघी भेटल्या की "कशी आहेस?" "मजेत" इतकंच बोलणं. डबा मात्र ताईकडे राहिला. रिकामा परत करायचा तर संबंध संपले असं होतं. भरून करायचा तर त्यात चकल्या घालायला हव्यात, आणि चकल्या घालायच्या तर त्या भाजणीबद्दल तोंड उघडायला हवं. ताईला ते होईना. म्हणून डबा धुऊन, पुसून, टॉवेलात गुंडाळून फर्नेसमागे गेला आणि ताईच्या घशात जे अडकलं होतं ते तिथेच राहिलं. भाऊजींना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. दोन घरांत सहा वर्षं अबोला चालू होता आणि ते खाली सँडपेपर लावत होते.

गेल्या वर्षी भाऊजींनी सरकारी खर्चाने गुडघा बदलून घेतला. नवा गुडघा मिळालेला माणूस नायगाराला जाईल, देवळाला प्रदक्षिणा घालील. भाऊजी फर्नेसच्या मागे गेले.

ऑक्टोबरच्या शेवटी मला ताईचा फोन आला. आनंदीताईंनी घर विकलं होतं. यजमान गेल्यापासून एवढ्या घरात एकट्याच होत्या, आता त्यांचा मुलगा शौनक त्यांना हॅलिफॅक्सला घेऊन चालला होता. तो तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला आहे. शनिवारी त्या निघणार आणि आज गुरुवार.

"नंदन, तू ये," ताई म्हणाली. "मला शेल्फवरनं डबा काढायचाय. मी आता स्टुलावर चढत नाही. आज भाजणी करते, उद्या तळते आणि डबा भरून तिला देऊन येते. ती गेली की मग संपलंच रे."

तिचा आवाज मला ओळखू येत नव्हता. मी लगेच निघालो.

फर्नेसमागे स्टुलावर मी चढलो. सोऱ्या होता. पुरणयंत्र होतं. टॉवेलही होता, नीट घडी घातलेला. डबा नव्हता.

"अहो!" ताईने खालूनच हाक मारली. भाऊजी शेजारच्याच खोलीत होते. हातात ड्रिल, कपाळावर गॉगल, चेहऱ्यावर समाधान.

"इथला पितळी डबा कुठाय?"

"तो? अरे, तो तर माझा मास्टरपीस झाला!" भाऊजींचा चेहरा उजळला. "पाहा न, पितळ म्हणजे काय मटेरियल आहे! लोण्यासारखं ड्रिल जाते त्याच्यात. वेलबुट्टीचं डिझाइन केलं, सगळी बारीक बारीक भोकं, आत एलईडी. ते नाव होतं न कोरलेलं, ते मुद्दाम ठेवलं. व्हिंटेज लुक येते त्यानं."

ताईने भिंत धरली. "आणि आता कुठाय तो?"

"आनंदीवहिनींना दिला की काल! त्या चालल्या म्हणून ऐकलं मी देवळात. म्हटलं, इतक्या वर्षांची ओळख, रिकाम्या हातानं कसं जायचं? जाऊन प्रेझेंट देऊन आलो. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं रे नंदन. एक शब्द बोलता नाही आलं त्यांना. आर्ट म्हणतात ते हेच."

मी स्टुलावरून उतरलो, कारण वरून कोणावर तरी उडी मारण्याची इच्छा होत होती. ताईने मात्र ओरडाआरडा केला नाही. तिने नवऱ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला.

"रिकामा दिलात?"

"रिकामा कुठला?" भाऊजी दुखावले. "आत बल्ब आहे न."

त्यानंतर ताईने कोट घातला, बटणं उलटसुलट लावली आणि मला म्हणाली, "चल." काहीतरी घेऊन जाऊ, असं मी म्हणालोही. निदान केळी, बिस्किटं. तिने ऐकलं नाही. पन्नास वर्षांत माझी बहीण पहिल्यांदा कोणाकडे मोकळ्या हाताने निघाली होती.

आनंदीताईंच्या घरात सगळीकडे टेप मारलेली खोकी होती. पडदे उतरवलेले. उघड्या राहिलेल्या एकुलत्या एका टेबलावर तो डबा होता आणि आतला दिवा लावलेला होता. खोक्यांवर, भिंतीवर, छतावर सगळीकडे उजेडाची पानं पसरली होती. मला भाऊजींचा राग आला होता आणि त्या रागाला न शोभणारी गोष्ट सांगतो, तो दिवा सुंदर झाला होता. त्यामुळे मला आणखी राग आला.

"ये," आनंदीताई म्हणाल्या. "निरोप पोचला हं तुझा."

"कसला निरोप?" ताई दारातच उभी.

"डब्याला भोकं पाडून पाठवलीस. आता यात पीठ राहील का? लाडू ठेवला तरी मुंग्या आत शिरतील. म्हणजे यापुढे काही भरायचं नाही, द्यायचं नाही, घ्यायचं नाही. बरोबर समजलेय ना? आणि वर माझ्याच आईच्या नावाला नक्षी काढून. इतकं चांगलं मला सुचलं नसतं बाई."

"अगं, यांनी केलं ते! मला माहीत पण नव्हतं!"

"रविकांतांनी? इंजिनिअर आहेत ना ते? वाचता येतं ना त्यांना?"

मी खिशातून फोन काढला, माझ्या दिवाणखान्यातल्या भिंतीचा फोटो शोधला आणि आनंदीताईंच्या पुढे धरला. "आनंदीताई, हा माझ्या लग्नाचा फोटो. फ्रेम कशाची आहे, ओळखा."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोटो मोठा करून पाहिला. "हे... वॉशरूमचं आहे का रे?"

"हो. आणि आत मी आहे आणि माझी बायको. चाळिसाव्या वाढदिवसाला मिळालेलं प्रेझेंट, लग्नाच्या. यात भाऊजींचा आम्हाला काही निरोप असेल असं वाटतं तुम्हाला?"

आनंदीताईंचे खांदे हलायला लागले. त्या एका खोक्यावर बसल्या आणि तोंडावर पदर दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ताईही हसली, पण तिचं लवकर थांबलं.

"आनंदी, ती भाजणी तुझ्या आईची होती," ती म्हणाली. "मी मंडळात खोटं बोलले. तू मागे उभी आहेस हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणूनच बोलले, हे आणखी वाईट."

आनंदीताईंनी खोक्यावरची सुटलेली टेप दाबून बसवली.

"एवढं बोलायला सहा वर्षं?" आनंदीताई म्हणाल्या.

"डबा रिकामा कसा आणू?"

"मग भरून आणायचा."

"भरायचा तर चकल्याच भरायला लागल्या असत्या गं."

आनंदीताई उठल्या. शौनकने बाहेर ठेवलेल्या किटलीत पाणी तापवून त्यांनी कागदी ग्लासात चहा दिला. साखर पॅक झाली होती, तो कडूच प्यायलो. मग दोघी तासभर बोलल्या. ड्रायव्हिंगच्या परीक्षेबद्दल, हॅलिफॅक्सच्या वाऱ्याबद्दल, भाऊजींबद्दल. भाऊजींबद्दल जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, पण मी त्यात मनापासून भर घातली. दिवा आनंदीताईंनी स्वतःच्या साड्यांच्या बॅगेत घालायचं ठरवलं. "आईच्या स्वयंपाकघरात भर दुपारीही अंधार असायचा," त्या म्हणाल्या, "तिला आवडला असता."

आम्ही निघालो तेव्हा त्या आत जाऊन दह्याचा एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन आल्या. दुकानातून दही येतं तो, पांढरा, झाकणावर फळांचं चित्र. आत भाजणी होती.

"या वर्षीची केली होती सवयीनं. हॅलिफॅक्सला कोण खातंय? शौनकला तळलेलं चालत नाही. तू कर. आणि हा डबा परत द्यायच्या भानगडीत पडू नकोस हं. रिसायकलिंगच्या ब्लू बॉक्समध्ये टाकून दे."

दोघींनी मिठी मारली. आम्ही गाडीत बसलो. माझ्या मते सगळं छान झालं होतं. गैरसमज मिटला, माफी मागून झाली, वर भाजणी मिळाली. मी हायवे सेव्हनला लागलो आणि ताईला तसं सांगितलंसुद्धा.

ताई मांडीवरच्या त्या डब्याकडे बघत होती. "परत देऊ नकोस म्हणाली," ती म्हणाली.

"अगं, दह्याचा डबा आहे. असे डबे कोण परत देतं?"

"तेच तर." तिने डबा छातीशी धरला. "सगळं फेडून टाकलं रे तिनं. आता माझ्याकडे तिचं काही नाही, तिच्याकडे माझं काही नाही. नंदन, गाडी फिरव."

"ताई, पुढे ट्रॅफिक..."

"फिरव म्हटलं ना!"

ती मला शेवटची अशी ओरडली होती तेव्हा मी दुसरीत होतो. मी गाडी फिरवली.

आनंदीताईंनी दार उघडलं तेव्हा ताई पायरीवर उभी होती, बटणं अजूनही उलटसुलट, छातीशी दह्याचा डबा. मी गाडीतूनच, काच खाली करून ऐकत होतो.

"मला यात नको," ताई म्हणाली. "मला असं भांडं दे, जे मला परत आणून द्यावं लागेल."

"शीला, वेड लागलंय का? सगळं पॅक झालंय."

"मग उघड."

"अगं, मी हॅलिफॅक्सला असणार आहे."

"ऊर्मी मला कॅलगरीला एकटीनं विमानातून बोलावते, तर हॅलिफॅक्सला काय विमानं उतरत नाहीत?"

आनंदीताईंनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "रिकामं घेऊन आलीस तर दारात उभी करणार नाही."

"माहितेय मला!"

त्या आत गेल्या. टेप फाडल्याचा आवाज मला गाडीपर्यंत आला, एक खोकं, मग दुसरं, मग भांड्यांचा खणखणाट. माझी बहीण पायरीवर उभी राहून लहान मुलीसारखी रडत होती, आणि रडता रडताच आत ओरडून सांगत होती, "मोठं बघ गं, लहान नको!"